अंग पेटतं तेव्हा

दिवाळीनंतरची सकाळ, हवेत गारवा. कापूस वेचता वेचता एखादी बाई मधेच थांबते, ओटी सोडून बांधावर बसते, पदराने मान पुसते. अंग नुसतं पेटलेलं. जालना जिल्ह्यात अंबडपासून भोकरदनपर्यंत हे दृश्य ओळखीचं आहे. त्याचं नाव मात्र कुणी घेत नाही.

म्हणून हा अंक रजोनिवृत्तीचा. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी जाते. सलग बारा महिने आली नाही की गेली असं धरतात. मराठवाड्यात याला आणखी एक बाजू आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची ‘पिशवी’, म्हणजे गर्भाशय, काढण्याची चौकशी करायला २०१९मध्ये सरकारने बीडसाठी समिती नेमली होती. तोडीला आपल्या जिल्ह्यातूनही बायका जातात. पिशवीसोबत अंडाशयंही काढली, तर तिशीतसुद्धा रजोनिवृत्तीचे त्रास एकदम सुरू होतात, हाडं लवकर ठिसूळ होतात. ऑपरेशनआधी हे बाईला सांगितलंच पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे.

अंकात डॉक्टरांचे सल्ले आहेत, पण भर रोजच्या जगण्यावर आहे: तुटलेली झोप, चिडचिड, रात्रीचा चहा, ताटातली भाकरी आणि तीळ. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र घरगुती उपायात दिवस घालवू नका, डॉक्टरांना दाखवा.

घरातल्या पुरुषांनीही हा अंक वाचावा. आणि बायांनो, तुम्ही हे दिवस कसे काढलेत, ते आम्हाला कळवा. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या. नाव छापणार नाही.