डांबराची जाडी मोजता, दबाई कोण मोजणार?

रस्त्याला खड्डा पडला की प्रशासनाचे उत्तर ठरलेले असते : यंदा पाऊस फार झाला. हे उत्तर सोयीचे आहे, कारण पावसावर खटला भरता येत नाही. परंतु पाणी रस्त्यात शिरते ते कोणी तरी दार उघडे ठेवलेले असते म्हणून. हे दार म्हणजे डांबर आणि खडी यांच्या थरात राहिलेली पोकळी. ती बंद करण्याचे काम दबाईचे. महाराष्ट्रातील शहरांत हे काम सर्वांत अधिक कोठे बुडवले जात असेल, तर ते गल्लीबोळांत, वस्त्यांत, नळासाठी वा केबलसाठी खणलेल्या चरांवर. म्हणजे छोट्या कामांत.

यामागील शास्त्र गूढ नाही. थरातील पोकळी सुमारे आठ टक्क्यांपलीकडे गेली की तिची छिद्रे एकमेकांना जोडली जातात; पाणी आत उतरते आणि डांबर खडीपासून सुटते. अमेरिकेत १९८९ साली लिंडन, महोनी व जॅक्सन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, सात टक्क्यांनंतर पोकळीत पडणाऱ्या प्रत्येक टक्क्याच्या भरीने रस्त्याचे आयुष्य सुमारे दहा टक्क्यांनी घटते. दबाई साधते ती मिश्रण गरम असतानाच. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० डांबराचे मिश्रण पसरताना किमान १४० अंश सेल्सिअस असावे आणि ते ९० अंशांखाली उतरण्यापूर्वी रोलरचे काम संपावे, असे केंद्रीय रस्ते मंत्रालयाचे विनिर्देश सांगतात.

छोट्या कामावर प्रत्यक्षात काय घडते? मोठ्या रस्त्याचे काम उरकून उरलेला माल संध्याकाळी गल्लीत येतो. तो निवालेला असतो, पण तापमापक कोणाजवळच नसतो. थर पातळ, आणि जाडी निम्मी झाली की थंड होण्याचा अवधी निम्म्याहूनही कमी होतो. मोठा रोलर बोळात शिरत नाही आणि छोटा मागवण्याचे भाडे कोणाला नको असते. मग फावड्याची पाठ, हातातील धुम्मस आणि ट्रकचे चाक एवढ्यावर भागते. चराच्या तळाची माती थराथराने ठोकलेली नसते, कडांना चिकटडांबर लावलेले नसते. वरून काळा तुकतुकीत दिसणारा हा तुकडा पहिल्या पावसात कडेने उचकटतो आणि दुसऱ्या पावसात खचतो.

याचा दोष फावडे धरणाऱ्या बिगाऱ्यावर ढकलणे हे शुद्ध ढोंग आहे. रोजंदारीवर आणलेल्या त्या माणसाला ना योग्य यंत्र दिले जाते, ना शिक्षण, ना थंड झालेला माल परत पाठवण्याचा अधिकार. दोष हिशेबाच्या रचनेत आहे. मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी आणि जाडी भरली जाते व देयक निघते. घनता मोजली गेली नाही, तर सैल थरही तीच जाडी दाखवतो : जेथे ९२ किलो माल बसायला हवा, तेथे ८४ किलोतच पातळी गाठली जाते. माल वाचला, इंधन वाचले, रोलरचे भाडे वाचले, आणि देयक पूर्ण! जी व्यवस्था निष्काळजीपणाला नफा देते, तिच्याकडून काळजीची अपेक्षा करणे हे अर्थशास्त्राचे अज्ञान आहे.

एवढ्याशा कामाची चाचणी परवडत नाही, असा युक्तिवाद केला जातो. मग तोच तुकडा दर वर्षी नव्याने भरणे कसे परवडते? सर्व रस्ते काँक्रीटचे करा, हा दुसरा उपाय. पण काँक्रीटखालीही नळ आणि गटारे आहेतच. ते फुटले की पुन्हा चर आणि पुन्हा तीच भरणी. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, हे योग्यच झाले. परंतु भरपाई मृत्यूनंतरची असते, दबाई त्याआधीची.

कार्यकर्त्यांनीही थोडे अंतर्मुख व्हावे. वस्तीसाठी रस्ता मंजूर करून घेणे, नारळ फोडणे आणि फलक लावणे येथेच आपले कार्य संपते, हा समज सोडला पाहिजे. मागण्या साध्या आहेत. तापमापकावाचून माल उतरवू नये. ठरल्यापेक्षा थंड माल परत जावा. प्रत्येक प्रभागात पालिकेच्या मालकीचा छोटा रोलर व प्लेट कॉम्पॅक्टर असावा आणि तो चालवणारा कामगार प्रशिक्षित व कायम असावा. छोट्या कामांतूनही कोठलीही निवडून नमुने कापावेत, घनतेचा आकडा देयकास जोडावा आणि तो वस्तीच्या फलकावर लागावा. आकडा नसेल, तर पैसा नाही.

हमरस्त्यावरून मंत्र्याची गाडी जाते, म्हणून तेथे रोलर वेळेवर पोहोचतो. बोळातून पाण्याची हंडी घेतलेली बाई आणि सायकलवरचा गिरणीकामगाराचा नातू जातो. रस्त्याची दबाई किती झाली यावरून त्या शहरात कोणाच्या पावलांना किती किंमत आहे, हे नेमके मोजता येते.