मंचावरचे वकील पुरेसे झाले, आता भरपाई मिळवून देणारे वकील घडवा

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत चौदा एप्रिलच्या मंचावर वकील वक्त्यांची उणीव नसते. संविधान, आरक्षण, ॲट्रॉसिटी कायदा या विषयांवर ते तासभर बोलू शकतात आणि ते बोललेच पाहिजे. पण अकोल्याच्या एमआयडीसीत दालमिलच्या पट्ट्यात एखाद्या पोराचा हात गेला, बडनेऱ्याकडे बांधकामावरून एखादी बाई पडली, तर तिच्या घरच्यांनी दुसऱ्या दिवशी कोणाकडे जायचे? नुकसानभरपाईचा दावा नीट चालवणारे किती वकील आपल्या चळवळीने आजवर तयार केले? हा प्रश्न टोचणारा आहे, म्हणूनच तो जाहीरपणे विचारतो आहे.

जिनिंगमध्ये, वीटभट्टीवर, हमालीत, फवारणीत राबणारा माणूस कोण आहे हे वऱ्हाडात कोणाला सांगावे लागत नाही. तो बौद्ध आहे, मातंग आहे, मेळघाटातून आलेला कोरकू आहे, गरीब मुसलमान आहे, भूमिहीन ओबीसी आहे. अपघात झाला की मुकादम आधी दवाखान्यात पोचतो. पाच-पन्नास हजार हातावर ठेवतो, स्टॅम्पपेपरवर अंगठा घेतो आणि "आता काही तक्रार नाही" असे लिहून घेतो. घरच्यांना वाटते, विषय संपला.

कायदा म्हणतो, संपला नाही. १९२३ च्या भरपाई कायद्याचे कलम ८ सांगते की मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. मालकाने परस्पर वारसांच्या हातात ठेवलेली रक्कम, थोड्या आगाऊ रकमेचा अपवाद सोडला तर, भरपाई मानली जात नाही. कलम १७ सांगते की हक्क सोडून देणारा करार रद्दबातल आहे. कलम १२ सांगते की माणूस ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. कलम ४-अ नुसार महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर बारा टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा कायदासुद्धा मुकादमाच्या स्टॅम्पपेपरपेक्षा बलवान आहे. फक्त तो वेळेवर आणि नेमका मांडणारा माणूस हवा.

वकील शिकलेला असला आणि नसला तर काय फरक पडतो, तो रुपयांत पाहा. तीस वर्षांच्या कामगाराची मासिक मजुरी १५,००० धरली (२०२० पासून हिशेबासाठी हीच कमाल मर्यादा आहे) तर वयाचा गुणक २०७.९८ लागतो. मृत्यू झाल्यास मजुरीच्या निम्म्याने हिशेब होतो : १५,५९,८५० रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास साठ टक्क्यांनी : १८,७१,८२० रुपये. आता समजा, या कामगाराचा हात कोपराच्या वर तुटला. अनुसूचीत अशा जखमेला ७० टक्के लिहिले आहेत. अनुसूची वाचून थांबणारा वकील १३,१०,२७४ रुपये मागेल. पण सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच एका सुताराच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे की हात गेलेला सुतार सुतारकाम करू शकत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व शंभर टक्के. हा निकाल ज्याने वाचला आणि डॉक्टरांची साक्ष त्या दिशेने नेली, तो वकील त्याच अशिलाला ५,६१,५४६ रुपये जास्त मिळवून देऊ शकतो. एका मजूर कुटुंबाच्या दृष्टीने हे मुलीचे शिक्षण आहे, डोक्यावरचे छप्पर आहे. वकिलाचा अभ्यास कमी पडला तर किंमत अशील मोजतो.

फवारणीचे घ्या. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. सरकारने दोन लाखांची मदत जाहीर केली, वर्तमानपत्रांनी आठवडाभर लिहिले. २०२० मध्ये काही पीडित कुटुंबांनी थेट स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या न्यायालयात कीटकनाशक कंपनीविरुद्ध दाद मागितली. त्या कुटुंबांच्या हिमतीला सलाम. पण आपल्या किती वकिलांना ठाऊक होते की १९२३ च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत शेतीत कीटकनाशक फवारणाऱ्या मजुराचा उल्लेख आहे, आणि तिसऱ्या अनुसूचीत ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधा हा व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे? बाझेलची वाट सापडली, पण जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या आयुक्तांची वाट किती जणांनी दाखवली?

इथे काही मित्र आक्षेप घेतील. फवारणीच्या मजुराचा मालक म्हणजे पाच एकरांचा कर्जबाजारी शेतकरी, त्याच्यावर पंधरा लाखांचा दावा लावायचा का? आक्षेप खरा आहे. त्याला उत्तर देण्यासाठीच वकिलाकडे नेतृत्व लागते. राज्याची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना सातबारा असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका सदस्याला दोन लाख देते. ज्याच्या पाठीवर पंप असतो तो भूमिहीन मजूर त्या योजनेत बसत नाही. शेतमजुरांचा सामूहिक विमा सरकारने उतरवावा, म्हणजे मजुराला भरपाई मिळेल आणि लहान शेतकरीही बुडणार नाही. ही मागणी पुराव्यानिशी मांडायला दहा-वीस दावे लढलेला वकील लागतो. जखमेचा हिशेब ज्याने कधी केला नाही, तो धोरणाचा मसुदा कसा करणार?

बाबासाहेब बॅरिस्टर होते हे आपण अभिमानाने सांगतो. ते वकिली शिकवतही होते, हे मात्र विसरतो. बाटलीबॉय यांच्या संस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकवला आणि १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी कामगार कायद्यांना आकार दिला. अभ्यास, अध्यापन आणि नेतृत्व या त्यांच्याकडे तीन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. आपण मात्र फक्त भाषण उचलले.

मग करायचे काय? अमरावती-अकोल्यातल्या तरुण वकिलांसाठी कायमस्वरूपी प्रशिक्षण वर्ग. एक दिवसाचे शिबिर, हार-तुरे आणि प्रमाणपत्र नको. सहा महिने, शनिवार-रविवार, आणि प्रत्येकाने अनुभवी वकिलाच्या हाताखाली किमान पाच दावे शेवटपर्यंत चालवायचे. पहिला धडा अपघातानंतरच्या तीन दिवसांचा असावा. मस्टरवर नाव नसेल तर गेटची नोंद, फोनपेवर आलेली मजुरी, सोबत्यांचे जबाब, दवाखान्याचे एमएलसी कागद, पोलिसांचा पंचनामा हे सगळे गायब होण्याआधी गोळा करणे. दुसरा धडा डॉक्टरांची साक्ष. तिसरा धडा नव्या संहितेचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्यामुळे आधीचे अपघात आणि नंतरचे अपघात यांची कलमे वेगळी. दोन्ही तोंडपाठ असलेला माणूस हवा.

चौथा धडा नीतीचा, आणि तो सर्वांत कडू आहे. भरपाईच्या रकमेतून टक्केवारी ठरवून घेणे बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही. तरीही तुटलेल्या हाताच्या पैशात वाटा मागितला जातो, आणि मागणारा कधी कधी "जय भीम" म्हणूनच मागतो. मजुराकडे फी नसते हे मान्य. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकिलाचा हक्क दिला आहे. आपले प्रशिक्षित वकील त्या पॅनेलवर गेले पाहिजेत.

पाचवा धडा वकिलांपुरता नाही. जुन्या कायद्याच्या कलम २४ नुसार नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही आयुक्तांपुढे कामगाराची बाजू मांडू शकत होता. म्हणून वर्गात संघटनेचे कार्यकर्तेही बसावेत.

पैसा आणि जागा कुठून आणायची, असे विचारू नका. बार्टी ही संस्था बाबासाहेबांच्या नावाने प्रशिक्षणासाठीच आहे. कामगार चळवळीचे जनक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाची श्रमविज्ञान संस्था मुंबईत परळला आहे, तिने वऱ्हाडात यावे. अमरावती आणि अकोल्यात विधी महाविद्यालये आहेत. आपण एकत्र येऊन लेखी मागणी करायची आहे.

आणि उशीर करायचा नाही. धाराशिवकडे साखर कारखान्याचा एक रखवालदार २००३ मध्ये कामावर जाताना अपघातात गेला. आयुक्तांनी दिलेली भरपाई उच्च न्यायालयात रद्द झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती जुलै २०२५ मध्ये परत दिली. बावीस वर्षे! तेवढी वर्षे पाय रोवून उभा राहणारा वकील हाच आमचा नेता. पुढच्या चौदा एप्रिलला मंचावर बोलावताना प्रत्येक वकिलाला एवढेच विचारा : यंदा किती कामगारांचे दावे लढलात आणि किती कुटुंबांच्या हातात पूर्ण रक्कम पडली?

जय भीम.