गुणवत्ता कुणाच्या रक्तात?

२०१८ साली बेल्जियममध्ये ओबेल-थिमिस्टर-ला ग्लेझ या ज्युनियर मुलांच्या सायकल शर्यतीचा एक टप्पा इरिट्रियाच्या एका काळ्या मुलाने जिंकला. नाव बिनियम गिरमाय, वय १८ वर्षे, अस्मारा शहरातल्या एका सुताराचा मुलगा. मागे पडलेल्यांत रेमको एवेनेपूल हा बेल्जियन मुलगा होता. तोच एवेनेपूल त्या वर्षी ज्युनियर जगज्जेता झाला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याने दोन सुवर्णपदके घेतली. म्हणजे गिरमायने कुणा लेच्यापेच्याला हरवले नव्हते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत रुवांडाच्या किगाली शहरात आफ्रिकेच्या ज्युनियर अजिंक्यपदात गिरमायने तीन सुवर्णपदके मिळवली होती. पण आफ्रिकन मुलगा आफ्रिकेत जिंकला तर युरोप त्याची दखल कशाला घेईल? बेल्जियमच्या रस्त्यावर बेल्जियनांना मागे टाकले, तेव्हा ती घ्यावी लागली.

दखल घेतली की लगेच खुलासा येतो. अस्मारा समुद्रसपाटीपासून २३०० मीटरहून उंच आहे, तिथल्या लोकांची फुप्फुसेच वेगळी, रक्तच वेगळे! उंचीचा फायदा होतो, हे आम्ही नाकारत नाही. पण गिरमाय घाटात जिंकणारा गडी नाही. तो शेवटच्या दोनशे मीटरमध्ये झेप घेऊन जिंकतो. तिथे वेग लागतो, धक्काबुक्कीत वाट काढण्याचे धाडस लागते आणि शेकडो शर्यतींतून येणारी अक्कल लागते. गोरा जिंकला की त्याची मेहनत, त्याचे शास्त्र, त्याची शिस्त. काळा जिंकला की त्याचे रक्त. आणि आपला पोरगा डॉक्टर झाला की त्याचा कोटा! भाषा बदलते, मेंदू तोच.

हा मेंदू इरिट्रियाने फार पूर्वी पाहिला आहे. १८९० पासून १९४१ पर्यंत हा देश इटलीची वसाहत होता. सायकल तिथे इटालियनांनी आणली. शर्यतीही त्यांनीच सुरू केल्या, पण त्या स्वतःपुरत्या. स्थानिकांनी बाजूला उभे राहून टाळ्या वाजवायच्या. काळ्या माणसाच्या अंगात ती ताकद आणि बुद्धी नाही, असे फॅसिस्टांचे शास्त्र सांगत होते. १९३९ साली इटालियन आणि इरिट्रियन यांची एकत्र शर्यत घेतली गेली. गोऱ्यांचे श्रेष्ठत्व एकदाचे सिद्ध करायचे होते. जिंकला घेब्रेमरियम घेब्रू नावाचा इरिट्रियन! वर्षानुवर्षांचे शास्त्र एका दुपारी रस्त्यावर सांडले.

आमच्याकडे हाच प्रयोग त्याच्याही आधी झाला होता. चर्मकार समाजातल्या बाळू पालवणकरांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. पुण्यात त्यांची गोलंदाजी चालत होती, पण चहा मात्र मंडपाबाहेर, वेगळ्या भांड्यात. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. (पुढे १९३७ साली ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले आणि पडले, तो भाग वेगळा. त्यांच्या बळींचा हिशेब त्याने बदलत नाही.)

पण केवळ जिंकणाऱ्यांच्या कथा सांगून भागत नाही. १९२९ साली चाळीसगावला जे घडले ते चळवळीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. बाबासाहेबांना महारवाड्यात नेण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. शेवटी वस्तीतल्याच एका माणसाने लगाम हाती घेतला. त्याने आयुष्यात टांगा हाकलेला नव्हता. टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. त्या माणसाच्या रक्तात काय खोट होती? काहीही नाही. लगाम त्याच्या हाती कुणी कधी दिलाच नव्हता. गिरमायच्या अस्मारात सायकल घरोघरी आहे, शर्यती गल्लीत होतात. चाळीसगावचा तो माणूस आणि अस्माराचा हा मुलगा यांच्यात फरक असलाच तर एवढाच.

बाबासाहेबांनी हा प्रसंग ज्या आत्मकथनात लिहिला त्याचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. योगायोग असा की आफ्रिकेतल्या सायकलपटूंची पहिली अडचण आजही व्हिसाचीच आहे. पायात दम आहे, संघात नाव आहे, पण दूतावासाचा शिक्का वेळेत पडत नाही आणि शर्यत हुकते. शिक्का पडला तरी टोमणे सुटत नाहीत. टोकियो ऑलिम्पिकच्या शर्यतीत जर्मन संघाचा एक अधिकारी आपल्या खेळाडूला ओरडून सांगत होता, पुढच्या उंट हाकणाऱ्यांना गाठ! पुढे होते एक अल्जेरियन आणि एक इरिट्रियन. कॅमेऱ्याने ते टिपले म्हणून त्या अधिकाऱ्याला घरी पाठवले गेले. कॅमेरा नसतो तेव्हाचे काय?

गिरमाय थांबला नाही. २०२२ च्या मार्चमध्ये त्याने गेंट-वेवेलगेम जिंकली. २०२४ च्या टूर द फ्रान्समध्ये तीन टप्पे आणि हिरवी जर्सी घेतली. तिथे टप्पा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन. इरिट्रियाचे सरकार हुकूमशाही आहे, तिथल्या तरुणांना सक्तीच्या लष्करी सेवेत वर्षे घालवावी लागतात, हेही आम्ही लिहून ठेवतो. एका जर्सीने ते झाकले जात नाही.

आता आपल्याकडे वळू. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. आपल्या वस्त्यांत पहाटे पेपर टाकणारी, दूध पोचवणारी, तालुक्याच्या शाळेला रोज सायकल मारणारी पोरे-पोरी किती आहेत? मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळाल्या. त्यांतल्या किती जणींना शर्यत नावाचा प्रकार असतो हे कुणी सांगितले? शर्यतीची सायकल महाग, प्रशिक्षक शहरात, संघटनेत ओळख नाही. हे सारे खरे. पण जयंतीला एका रात्रीत डीजेवर जी रक्कम उडते, तिचा हिशेब आमच्या मंडळांनी एकदा मांडावा. तेवढ्यात एक चांगली सायकल येते की नाही, ते दुकानात जाऊन विचारावे.

येत्या १४ एप्रिलला निदान दहा गावांच्या मंडळांनी मिळून सकाळी सहाला, ऊन चढण्याआधी, वीस किलोमीटरची शर्यत ठेवावी. मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. घरची सायकल चालेल, प्रवेश फी नको. जिल्हा सायकल संघटनेला रीतसर पत्र देऊन पंच मागवावेत, म्हणजे पहिल्या तिघांची नावे तिथल्या वहीत चढतील. पत्राची पोच मात्र सही-शिक्क्यासह घ्यावी.