मांडी घालून बसणाऱ्यांसाठी



नारायणगुड्यातल्या आमच्या भिशीत पूर्वी सतरंजी अंथरली की सगळ्याजणी मांडी घालून बसायच्या. आता आधी खुर्च्या मोजाव्या लागतात. गप्पा गुडघ्यांवर येतात आणि सल्ले दोनच : ‘तेल चोळा’ नाहीतर ‘सरळ बदलून टाका’. या दोन टोकांच्या मधे बरंच काही आहे.

माझे गुडघे चार वर्षांपासून दुखतात. झिजलेली कूर्चा कुठल्याही गोळीने भरून येत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. पण दुखणं कमी करता येतं. पहिला उपाय व्यायाम. खुर्चीत बसून एक पाय समोर सरळ करायचा, पाच अंक मोजेपर्यंत धरायचा, मग हळूच खाली. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला आधार मिळतो. दुसरा उपाय वजनाचा. एक किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. त्यानंतर वेदनाशामक जेल. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा अल्सरचा त्रास असेल तर त्या बाधतात. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, कायमचा नाही.

एवढं करूनही रात्री झोप लागत नसेल, घरात फिरणंही अवघड झालं असेल, तर शस्त्रक्रियेला घाबरू नये. पंतप्रधान असताना वाजपेयींचा डावा गुडघा २००० साली आणि उजवा २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी ठरले. खोली, भूल, डॉक्टरांची फी वेगळी. म्हणून बिलात सांध्याची किंमत स्वतंत्र लिहून मागा.

आमच्या वन्संनी दुखतं म्हणून चालणंच सोडलं. दोन वर्षांत मांडीचे स्नायू सुकले. आता शस्त्रक्रिया झाली तरी पुन्हा चालायला त्यांना जास्त वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणतात.

मलाही शस्त्रक्रिया सुचवली आहे. तीन महिने नेमाने व्यायाम करून मी ठरवणार. रोज संध्याकाळी मेट्रो स्टेशनपर्यंत सपाट रस्त्याने चालते. शस्त्रक्रिया करावी लागो वा न लागो, बळकट मांड्या दोन्हीकडे कामी येतील. तुम्हीही आजच खुर्चीत बसल्या बसल्या पाय उचलायला लागा.