नागपूरचं मत कुणाच्या खिशात नाही!

गिरणी कामगार बंधूंनो,

“नागपूर आमचा बालेकिल्ला!” निवडणूक आली की पुढारी छाती ठोकून सांगतात. अहो, कोणाचा बालेकिल्ला? १९५७ साली या शहराने काँग्रेसच्या अनसूयाबाई काळे यांना लोकसभेत धाडले. पाचच वर्षांनी वेगळ्या विदर्भाचे कैवारी बापूजी अणे अपक्ष उभे राहिले नि निवडून आले. १९७१ साली देशभर इंदिराबाईंची लाट. नागपूरने निवडले जांबुवंतराव धोट्यांना! १९७७ साली उत्तरेत काँग्रेस धुऊन निघाली, तेव्हा नागपूरने तिलाच हात दिला. बनवारीलाल पुरोहित आधी काँग्रेसकडून निवडून आले, १९९६ साली भाजपकडून. २०१४ पासून नितीन गडकरी निवडून येताहेत.

म्हणजे आपलं मत कुणाकडे गहाण नाही. पण पदरात काय पडलं? १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ साली बंद पडली. खासदार बदलले, भोंगा मात्र थांबला तो थांबलाच. कारण मत दिलं, हिशेब मागितला नाही!

आता लाट बघू नका, जात बघू नका. उमेदवार चाळीत आला की दारातच अडवा नि विचारा: “आमच्या पोरांच्या कामाचं काय?” आधी जबाब, मग मत!