वाघाच्या झेंड्याचे दीडशे दिवस

२ जून १८९५. कीलुंगच्या समुद्रात नांगरलेल्या जपानी बोटीवर चीनचे प्रतिनिधी ली चिंगफांग यांनी तैवान जपानच्या हवाली केलं. जे बेट द्यायचं, त्यावर पाऊल ठेवायची त्यांची छाती झाली नाही. सह्या पाण्यावरच उरकल्या.

कोरियावरून झालेलं युद्ध चीन हरला आणि एप्रिलमध्ये शिमोनोसेकीच्या तहात तैवान देऊन बसला. बेटावरच्या माणसांना कुणी विचारलंच नव्हतं. रशिया, जर्मनी, फ्रान्सने डोळे वटारल्यावर जपानने त्याच तहात मिळालेला ल्याओतुंग द्वीपकल्प परत करायचं मान्य केलं होतं. आपल्यासाठीही कुणी धावून येईल, या आशेवर मे महिन्यात तैवानच्या अधिकाऱ्यांनी प्रजासत्ताक पुकारलं. निळ्या झेंड्यावर पिवळा वाघ, अध्यक्ष तांग चिंगसुंग आणि कालगणनेचं नाव ‘युंगचिंग’, म्हणजे ‘सदैव चिंग’. प्रजासत्ताक, आणि निष्ठा चीनच्या चिंग बादशहाशी! मदतीला परकी सत्ता तर कुठली आली नाहीच. जपानी फौज उतरल्यावर दोन आठवड्यांच्या आत तांग जहाजाने चीनला पळाले.

हा नुसता राजनैतिक डाव होता, असं म्हणून काहीजण विषय मिटवतात. डाव होताच. पण अध्यक्ष गेल्यावर लढाई पेटली, त्याचं काय? शिंचूपासून दक्षिणेकडे हाक्का समाजाच्या गावांनी आपापली पथकं उभी केली. घर, शेत, पूर्वजांच्या कबरी याच मुलखात होत्या. पळून जायला दुसरा मुलूख कुठला? ऑगस्टअखेर चांगह्वाजवळच्या पाक्वाशान टेकडीवर त्यांचा पुढारी वू तांगशिंग पडला. प्रजासत्ताकाचा मान द्यायचा तर तो या माणसांना द्यावा, असं मला मनापासून वाटतं. लढाईत जपानचे दीडशेच्या आसपास सैनिक मेले, रोगराईने साडेचार हजारांवर. बेटावरची माणसं हजारोंनी गेली. त्यांची नावं फारशी कुणी लिहून ठेवली नाहीत.

ऑक्टोबरमध्ये तैनानचे सेनानी ल्यू युंगफूही निसटले. शहराची लूट होऊ नये म्हणून नागरिकांनी मिशनरी थॉमस बार्कले यांना जपानी छावणीकडे धाडलं, आणि २१ तारखेला वेशी उघडल्या.

झेंडा विजयचिन्ह म्हणून जपानला गेला. १९०९ साली काढलेली त्याची नक्कल तैपेईच्या संग्रहालयात आहे. कापडाच्या दोन्ही अंगांना वाघ रंगवलेला आहे: एकीकडे त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या दिवसाच्या उजेडात आकसलेल्या, दुसरीकडे रात्रीच्या अंधारात विस्फारलेल्या.