न दिसल्याचं सोंग

नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावायची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. संपादकीयाने तेवढं कडू द्यायला हरकत नसावी. यंदाच्या अंकाचा विषय आहे ‘न झालेली युद्धं’, आणि त्यांतलं सर्वांत मोठं अमेरिका-सोव्हिएत संघ यांच्यातलं.

ते झालं नाही, असं आपण म्हणतो खरं. पण १९५० ते १९५३ या काळात कोरियाच्या आकाशात ते चालूच होतं. सोव्हिएत वैमानिक मिग-१५ घेऊन अमेरिकी सेबर विमानांशी झुंजत होते आणि दोन्हीकडची माणसं मरत होती. मिगवर खुणा मात्र चीनच्या नाहीतर उत्तर कोरियाच्या. वायरलेसवर रशियन बोलायला बंदी होती. पण शेपटीवर सेबर आल्यावर कोरियन शब्द कुठून सुचणार? शिव्या मातृभाषेतच यायच्या. समुद्रावर किंवा शत्रूच्या ताब्यातल्या मुलखावर जायचं नाही, कारण एखादा जिवंत हाती लागला तर सगळंच उघडं पडेल. स्टालिनने हे लपवणं समजण्यासारखं आहे. खरी मेख पुढेच आहे : वॉशिंग्टनला हे ठाऊक होतं, आणि तेही गप्प राहिलं. बोललं असतं तर लोकांनी बदला मागितला असता, आणि तो घ्यायचा कुणाचा? १९४९ मध्येच अणुचाचणी करून बसलेल्या देशाचा.

म्हणून अण्वस्त्रांच्या धाकाने शांतता राहते, हा सिद्धान्त आम्हाला अर्धाच पटतो. धाक खरा; पण तो आपोआप काम करत नाही. कुणाला तरी डोळेझाक करावी लागते, कुणाला गुपचूप सौदा. १९६२च्या ऑक्टोबरात ख्रुश्चेव्हने क्यूबातली क्षेपणास्त्रं काढून घेतली, तेव्हा केनेडीने तुर्कस्तानातली आपली काढण्याचं कबूल केलं आणि ते स्वतःच्याच जनतेपासून लपवलं. शिवाय नशीब. २७ ऑक्टोबरला अमेरिकी विनाशिका बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीला वर आणण्यासाठी इशाऱ्याचे स्फोट करत होत्या. तिच्यावर अण्वस्त्रधारी पाणतीर आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. आतल्या एका अधिकाऱ्याने पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार कप्तान तो डागायला निघाला होता आणि पाणबुडीवरचेच दुसरे अधिकारी वासिली आर्खिपोव्ह यांनी त्याला थोपवलं. आपल्याकडे त्या दिवाळीत सगळ्यांचे डोळे हिमालयाकडे लागले होते. चीनचा हल्ला होऊन आठवडाच झाला होता.

दोन महासत्तांनी एकमेकींना जपलं ते दुसऱ्यांच्या अंगणात. उत्तर कोरियाची शहरं अमेरिकी बॉम्बफेकीने जवळपास सपाट झाली. हनोईभोवतीची विमानवेधी क्षेपणास्त्रं सोव्हिएत, वरून येणारी विमानं अमेरिकी. पुढे अफगाणिस्तानात सोव्हिएत हेलिकॉप्टरं पाडायला स्टिंगर क्षेपणास्त्रं पुरवली ती अमेरिकेने. त्यामुळे या अंकात केनेडी-ख्रुश्चेव्हवर एकच लेख आहे. बाकीची पानं कोरिया, व्हिएतनाम आणि अफगाणिस्तानला दिली आहेत. विनोदी कथा आणि वार्षिक राशिभविष्य नेहमीच्या जागी आहेत.